गुन्हेगारीची जैविक मीमांसा

माणूस गुन्हा का करतो याचे उत्तर त्याची आनुवंशिकता, मेंदू किंवा संप्रेरके यांत शोधणारा गुन्हेगारीशास्त्रातील विचारप्रवाह. ‘खाण तशी माती’ ही समजूत जुनीच. तिला शास्त्राचे रूप दिले ते इटालियन वैद्य चेझारे लोम्ब्रोझो यांनी. मोठा जबडा, लांब हात, उतरते कपाळ अशा खुणांवरून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखता येतो, असे त्यांनी १८७६ मध्ये मांडले. इंग्लंडमधील तुरुंगवैद्य चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३,००० कैद्यांची मापे घेतली आणि असा वेगळा शरीरप्रकार आढळत नाही, हे १९१३ मध्ये दाखवून दिले.

आपल्याकडे या विचाराचे चटके संपूर्ण जमातींना बसले. लोम्ब्रोझोंच्या ग्रंथाआधी पाच वर्षे, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हे त्यामागचे गृहीतक होते. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींतील माणसे जन्मानेच संशयित ठरली, त्यांना हजेरी आणि वसाहतींचे कुंपण सोसावे लागले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, पण ‘भामटा’ हे जमातीचे नाव मराठीत आजही शिवीसारखे वापरले जाते. हे थांबायला हवे.

जनुकांचे संशोधन अधिक सावध आहे. जास्तीचे ‘वाय’ गुणसूत्र असलेले पुरुष हिंसक असतात, हा १९६० च्या दशकातील समज डेन्मार्कमधील १९७६ च्या अभ्यासाने खोडून काढला. मेंदूतील काही रसायनांचे विघटन करणारे ‘एमएओए’ हे जनुक निकामी असलेले एक डच कुटुंब १९९३ मध्ये नोंदले गेले. त्यातील पुरुषांचा स्वतःवर ताबा राहत नसे, मात्र असा दोष अतिदुर्मीळ आहे. न्यूझीलंडमधील २००२ चा अभ्यास सर्वांत बोलका. हे जनुक मंद असलेल्या मुलांपैकी ज्यांचा लहानपणी छळ झाला, त्यांच्यातच पुढे समाजविघातक वर्तनाचे प्रमाण ठळकपणे वाढले.

या मीमांसेची मूळ अडचण नाशिककरांना वेगळी सांगायला नको. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या सरकारच्या लेखी ते खुनी होते. आज गोल्फ क्लबचे मैदान हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखले जाते. कोणते कृत्य गुन्हा मानायचे, हे कायदा आणि काळ ठरवतात. राजवट पालटली म्हणून कोणाची गुणसूत्रे पालटत नाहीत.

भारतीय न्यायालये शरीराच्या साक्षीला मर्यादा घालतात. संमतीशिवाय नार्को चाचणी किंवा ब्रेन मॅपिंग करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्त जमातींना, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्यांना, सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेखही त्यांत होते.