एंडोमेट्रिओसिस: दिसलं तेवढंच मानलं

पाळीत पोट दुखणं वेगळं आणि पाळीत ताठ उभंही राहता न येणं वेगळं. जिला दुखतं तिला हा फरक लवकर कळतो. वैद्यकशास्त्राला मात्र तो कळायला फार वेळ लागला, कारण पोट उघडल्याशिवाय एंडोमेट्रिओसिस दिसत नव्हता. ज्यांच्या पोटात कुणी डोकावलं नाही, त्यांचं दुखणं नाजूकपणाच्या नाहीतर मनाच्या खात्यावर गेलं.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजल्या की हा आजार होतो. त्या अंडाशयावर, गर्भाशयामागच्या खोलगट जागेत, आतड्यावर किंवा मूत्राशयावर बसतात आणि संप्रेरकांच्या तालावर दर महिन्याला फुगतात, सुजतात, काही वेळा रक्तही सोडतात. ते रक्त बाहेर पडायला वाट नसते. मग सूज, व्रण, एकमेकांना चिकटलेले अवयव. पाळीत, संबंधांच्या वेळी, शौचाला जाताना वेदना होतात. थकवा असतो, काहींना मूल होण्यात अडचण येते.

प्राचीन ग्रीक वैद्यांना वाटे की गर्भाशय बाईच्या शरीरात हिंडतं आणि म्हणून तिला नाना त्रास होतात. गर्भाशय हिंडत नाही. पण त्याच्या अस्तराची भावंडं भलतीकडे सापडतात, हा योगायोग गमतीचाच. पुढे हिंडणारं गर्भाशय गेलं, त्याच्या नावावरून पडलेला 'हिस्टेरिया' हा शिक्का मात्र राहिला.

१८६०मध्ये व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी अशा भलत्या जागी आलेल्या ग्रंथींचं वर्णन केलं. त्यांनी पाहिलं ते हेच, की त्याचा भाऊबंद अ‍ॅडिनोमायोसिस (यात तशाच पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरतात), यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आजाराला आजचं नाव दिलं ते अमेरिकेतल्या ऑल्बनी शहराचे शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी, १९२०च्या दशकात. अंडाशयावरच्या गाठी कापल्यावर त्यांतून निघणारा दाट, तपकिरी द्रव म्हणजे महिनोन् महिने साठलेलं जुनं रक्त होतं. १९२१मध्ये त्यांनी या गाठींना 'चॉकलेट' गाठी म्हटलं. आजही सोनोग्राफीच्या खोलीत 'चॉकलेट सिस्ट आहे' असं सांगतात, तो शब्द तिथून आलेला. १९२७मध्ये त्यांनी कारणही मांडलं: पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात.

उपपत्ती पटण्यासारखी आहे, पण पुरी पडत नाही. गर्भनलिका मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांत पाळीच्या वेळी पोटात रक्त आढळतं, असं १९८४मध्ये दिसून आलं. आजार मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींना होतो. बाकीच्यांत का रुजत नाही? आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक अशी उत्तरं तुकड्यातुकड्यांनी मिळाली आहेत. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी इस्ट्रोजेन घेतलेल्या काही थोड्या पुरुषांतही हा आजार सापडला आहे. तिथे पाळीचं रक्त कुठून आणणार?

या इतिहासातलं मला सगळ्यात बोचणारं पान १९४०च्या दशकातलं आहे. बोस्टनचे स्त्रीरोगतज्ज्ञ जो मीग्ज यांना हा आजार खासगी दवाखान्यात येणाऱ्या सुखवस्तू बायकांत जास्त दिसला. त्यांनी निष्कर्ष काढला की लग्न आणि मूल लांबवल्याने तो होतो; उपाय, लवकर लग्न आणि लवकर बाळंतपण. पुढे हा 'नोकरी-करिअर करणाऱ्या बायकांचा आजार' म्हणून गाजला. शस्त्रक्रियेचा खर्च परवडणाऱ्यांचंच पोट उघडलं जात होतं, म्हणून त्यांच्यातच तो सापडत होता, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला तीस-पस्तीस वर्षं गेली. कृष्णवर्णीय बायकांना तो जवळजवळ होतच नाही, असंही पुस्तकांत होतं. शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ डोनाल्ड चॅटमन यांनी पोटात दुर्बीण घालून तपासलं, तेव्हा कृष्णवर्णीय रुग्णांपैकी पाचातल्या एकीपेक्षा जास्त जणींत तो निघाला. त्यांतल्या कित्येकींवर आधी ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाचा शिक्का बसलेला होता. हे १९७६ साल.

दुर्बीण आल्यावरही नजर घडायला वेळ लागला. बंदुकीच्या दारूने भाजल्यासारखे काळे-निळे ठिपके दिसले तरच आजार, अशी समजूत होती. तांबडे, पांढरे, अगदी पारदर्शक ठिपकेही त्याचेच, हे १९८०च्या दशकात नीट नोंदलं गेलं. तोवर 'आत काही नाही' असं ऐकून किती जणी परतल्या, त्याचा हिशेब कुठे नाही. शिवाय ठिपके किती यावरून वेदना किती हे ठरत नाही. चार ठिपक्यांनी एखादी अंथरुणाला खिळते, आणि अवयव चिकटलेली दुसरी मूल होत नाही म्हणून तपासणीला येते तेव्हाच तिला कळतं.

औषधांची गोष्टही याच वळणाची. १९५०च्या दशकाअखेरीस संप्रेरकं देऊन गर्भारपणाची नक्कल करण्याचा उपाय निघाला. सत्तरच्या दशकात डॅनाझोल नावाचं औषध आलं. वेदना कमी व्हायची, पण वजन वाढायचं, चेहऱ्यावर केस यायचे, काहींचा आवाज घोगरा व्हायचा. आजार मुळातून घालवणारं औषध आजही नाही. आहेत ते उपाय त्याला दाबून ठेवतात.

१९८०मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात रुग्ण बायकांनीच आपली संघटना उभी केली आणि एकमेकींच्या लक्षणांच्या नोंदी गोळा करायला घेतल्या. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी निदानासाठी आधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया हवीच, हा आग्रह सोडला. लक्षणं ऐकून आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय पाहून, तपासणीत काही दिसलं नाही तरीही, उपचार सुरू करता येतात. त्याच सूचनांत आणखी एक वाक्य घालावं लागलं: केवळ या आजारावरचा इलाज म्हणून कुणालाही गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये.