शब्द सोपा, नोंद अवघड

खानापूरच्या मराठी शाळेतल्या एखाद्या वहीत ‘बस इज लेट, शी विल कम’ असं वाक्य आलं, तर ती चूक मराठीतून आलेली असते. मराठीत बस ‘ती’ आणि ट्रक ‘तो’. शेजारच्या कन्नड घरात मात्र दोन्ही ‘अदु’, म्हणजे इंग्रजीतल्या ‘इट’सारखेच. बेळगाव-निपाणीकडच्या मुलांसाठी इंग्रजी कोश करायला बसलं की ‘फोटोसिंथेसिस’ची नोंद दोन ओळींत उरकते. दिवस जातो तो ‘इट’, ‘वी’, ‘टेक’ असल्या चिल्लर शब्दांवर.

‘वी’च घ्या. ऐकणाऱ्याला सोबत धरलं तर मराठीत ‘आपण’, वगळलं तर ‘आम्ही’. कन्नडात दोन्हींना ‘नावु’, इंग्रजीत दोन्हींना ‘वी’. नोंदीत नुसतं ‘आम्ही’ छापलं, तर ‘शॅल वी गो?’चा अर्थ ‘आम्ही जाऊ का?’ असा लागतो आणि सोबत येण्याचं बोलावणं परवानगी मागणं होऊन बसतं. म्हणून दोन्ही प्रतिशब्द आणि प्रत्येकाला एक वाक्य हवंच. ‘अंकल’चा प्रकार वेगळा. मराठीत काका आणि मामा निराळे; कन्नडात वडिलांचा थोरला भाऊ ‘दोड्डप्प’, धाकटा ‘चिक्कप्प’. इंग्रजीला ही चौकशी नकोच असते. सीमाभागातल्या मुलाच्या कानावर कन्नड असतंच, मग ‘इट’च्या नोंदीत ‘कन्नडातला अदु’ एवढं घातलं तरी अर्धं पान वाचतं.

‘टेक’ सगळ्यात चिवट. कोशकाराच्या संगणकात छापील आणि बोली मजकुराचा मोठा साठा असतो. त्यातून ‘टेक’ असलेली वाक्यं काढायची, तो शब्द मधोमध येईल अशी एकाखाली एक मांडायची आणि त्याच्या उजवीकडच्या शब्दानुसार क्रम लावायचा. मग गट डोळ्यांना दिसू लागतात: औषध, फोटो, बस, दहा मिनिटं, परीक्षा. मराठीत आपण औषध घेतो, फोटो काढतो, बस पकडतो, दहा मिनिटं लागतात आणि परीक्षा चक्क देतो. ‘गिव्ह एक्झाम’ इथूनच येतं. आठवणीवर विसंबून नोंद लिहिली की ‘घेणे’ पटकन सुचतं आणि बाकीचं राहून जातं. साठा मात्र मोठा लागतो. दहा लाख शब्दांच्या मजकुरातही, त्यात आलेल्या वेगवेगळ्या शब्दांपैकी जवळपास निम्मे एकेकदाच येतात. एका वाक्यावरून अर्थ ठरवणं म्हणजे जुगार.

मग व्याख्या. ती मूळ शब्दापेक्षा सोपी हवी, ही अट ऐकायला सोपी आणि पाळायला जाच. ढाक्यात शिक्षक राहिलेल्या मायकेल वेस्ट यांनी 1935च्या कोशात सुमारे 24,000 शब्द आणि वाक्प्रचार अवघ्या 1,490 शब्दांत समजावून दिले. आता अशा ठरवून घेतलेल्या सोप्या शब्दांच्या यादीबाहेरचा शब्द व्याख्येत शिरला की संगणक लगेच दाखवतो. पण ‘मॅनेजर’च्या व्याख्येत ‘हॉटेल रन करणारा’ असं आलं तर संगणक गप्प बसतो, कारण ‘रन’ यादीत आहे. मुलाला मात्र त्याचा ‘धावणे’ एवढाच अर्थ माहीत असतो. (आणि आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भजीचं, त्याला वेगळी टीप.)

अर्थ बरोबर देऊनही वाक्य फसतं. ‘डिस्कस’पुढे ‘चर्चा करणे’ लिहिलं की मूल ‘विषयी’साठी ‘अबाउट’ जोडणारच, आणि इंग्रजीत तो तिथे चालत नाही. जपानमध्ये शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी हे ओळखलं होतं. 1942 साली टोकियोत निघालेल्या त्यांच्या कोशात क्रियापदांचे, म्हणजे कोणत्या क्रियापदापुढे काय येतं याचे, 25 साचे होते. पण असे क्रमांक घातलेले साचे शाळकरी पोरं बघत नाहीत. त्यापेक्षा ‘डिस्कस द प्रॉब्लेम’ असा पूर्ण तुकडा ठळक छापलेला बरा.

उच्चार देवनागरीत द्यायचे तर ‘ज’ अडवतो. मराठीत तो दोन तऱ्हेचा: ‘जीभ’मधला आणि ‘जोर’मधला. लिहिताना दोन्ही सारखेच. कोशात ‘जॉब’ वाचून मूल ‘जोर’मधला ज लावतं आणि शब्द बिघडतो, कन्नड लिहिता-वाचता येणाऱ्याला हा घोळ नाही, तिथे ज एकच. उपाय म्हणजे ‘जोर’मधल्या ‘ज’खाली टिंब द्यायचं आणि त्याचा खुलासा प्रत्येक पानाच्या तळाशी छापायचा. प्रस्तावनेत ठेवला तर तो कुणी उघडून बघत नाही.