वेळ चुकलेली ओहोटी

समुद्राकाठच्या माणसाला भरती-ओहोटीची वेळ तिथीवरून सांगता येते. पाणी साधारण सहा तास चढतं, सहा तास उतरतं. त्सुनामीची ओहोटी तिथी पाळत नाही आणि काही मिनिटांतच तळ उघडा पाडते.

२६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्राचा तळ उचलला गेला आणि त्याबरोबर वरचं सगळं पाणीही. वाऱ्याने उठणारी लाट वरच्यावर खेळते, त्सुनामीत पाणी तळापासून हलतं. खोल समुद्रात तिचा वेग ताशी ७००-८०० किलोमीटर, पण उंची नगण्य. दोन तासांनी एका उपग्रहाने बंगालच्या उपसागरावरून ती मोजली, तेव्हा जेमतेम ६० सेंटीमीटर भरली. जहाजावरच्या खलाशाला पत्ताही लागू नये इतकी. उथळ पाण्यात मात्र पुढचं पाणी मंदावतं, मागचं त्याच्यावर चढतं आणि उंची वाढत जाते. काठावर येते ती दर वेळी फुटणारी लाट नसते. बऱ्याचदा तो न थांबणारा लोंढा असतो, होड्या, गाड्या, झाडं घेऊन आत घुसणारा. अर्ध्या-पाऊण तासाने दुसरी लाट येते, आणि ती पहिलीपेक्षा मोठी असू शकते. पाणी ओसरलं म्हणून आपली माणसं शोधायला खाली उतरलेले लोक अशाच लाटेत सापडतात.

त्या दिवशी थायलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आधी मागे हटला. भारताकडे आणि श्रीलंकेकडे मात्र आधी पाणीच चढलं. त्यामुळे ओहोटी दिसली तरच पळायचं, असं ठरवून चालत नाही. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक.

भूकंपाच्या अगदी जवळ असलेल्या सिमेउलुए बेटावर पाणी दहा मिनिटांच्या आत पोचलं. लोकसंख्या ७८ हजारांच्या आसपास, मृत्यू सात. १९०७ मध्ये तिथे अशीच लाट आली होती. आजी-आजोबांनी ती गोष्टींतून, अंगाईतून नातवंडांपर्यंत पोचवली. त्यांचा शब्द ‘स्मोंग’: जमीन जोरात हलली, समुद्र हटला, की डोंगराकडे धावायचं. तेवढं सगळ्यांना पाठ होतं.

आपल्याकडे असं काही टिकलं नाही, याचं वाईट वाटतं. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. काही तासांनी मुंबईत सुमारे दोन मीटरची लाट आली. जुहू-दांड्याला मासेमारीच्या होड्या दावं तोडून वाहून गेल्या, आणि शहरात पंधराएक माणसं दगावल्याची नोंद आहे. आज मुंबईत किती घरांत ही गोष्ट सांगितली जात असेल?

पॅसिफिकमध्ये १९४९ पासून इशारा केंद्र होतं, हिंदी महासागरात २००४ पर्यंत काहीच नव्हतं. चेन्नईला लाट पोचायला अडीच तास लागले, आणि ते अडीच तास कुणाच्याच कामी आले नाहीत. २००७ मध्ये हैदराबादला भारताचं केंद्र सुरू झालं. मोठा भूकंप झाला की काही मिनिटांत तिथून सूचना निघते. मकरानची लाट मुंबईला यायला तास लागतात, तेव्हा ही सूचना पुरेशी आधी मिळेल. निकोबारला तेवढा वेळ नाही. तिथे पायाखालचा धक्का हाच इशारा, आणि निघायचं ते तेव्हाच.