भंगारातला १४.३१८

भंगारवाल्याच्या पोत्यात जुना मदरबोर्ड दिसला की मी आधी नखाएवढी, लांबट गोल, चंदेरी डबी शोधतो. तिच्यावर १४.३१८ छापलेलं असतं. हा क्रिस्टल: इतक्या मेगाहर्ट्झचा पक्का ठोका देणारा भाग. याच्यावर हॅम मंडळींचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, बोलणं ऐकायचा रिसीव्हर बनतो.

हा विचित्र आकडा आला अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीतून. तिथे रंगाच्या सिग्नलसाठी ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ ठरलं होतं. १९८१ साली आयबीएमने पीसी काढला, त्यात त्याच्या चौपटीचा क्रिस्टल बसवला. चारने भागलं की टीव्हीचा रंग, तीनने भागलं की प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्झचा ठोका. पुढे पीसी कितीतरी बदलले, आकडा मात्र बोर्डावर चिकटून राहिला. आणि हॅम मंडळींचा २० मीटरचा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, आहे १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झ! म्हणजे आयताच घरात आला.

डबीत क्वार्ट्झची चकती असते, जेमतेम ०.१२ मिलिमीटर जाडीची. वीज दिली की थरथरते. किती वेगाने, ते जाडीवर ठरतं. भोवती एक ट्रान्झिस्टर जोडला की ऑसिलेटर, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सतत काढणारं सर्किट, तयार. सीएफएल दिव्याच्या पोटातल्या फेराइट रिंगवर तार गुंडाळायची, दोन डायोड लावायचे, झाला मिक्सर, दोन सिग्नलमधला फरक काढून देणारा. (हैदराबादच्या अशर फरहान यांनी घरी बांधायच्या बिटएक्स या हॅम रेडिओ सेटसाठी तर चक्क नळाचे वॉशर वापरले, कॉइल गुंडाळायला.) अँटेनावरून आलेला सिग्नल आणि आपला १४.३१८ यांतला फरक म्हणजेच बोलणं. ते कॉम्प्युटरच्या जुन्या स्पीकरमधल्या ॲम्प्लिफायरला द्यायचं. अँटेनाला प्रत्येकी पाच मीटरच्या दोन तारा पुरतात.

बोलणारा नेमका याच फ्रिक्वेन्सीवर नसेल, तर आवाज किनरा किंवा घोगरा येतो. अशा वेळी जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओमधला गँग (स्टेशन लावताना फिरतो तो कपॅसिटर) क्रिस्टलच्या सीरिजमध्ये टाकून फ्रिक्वेन्सी जराशी ओढता येते. फार नाही, दोन-चार किलोहर्ट्झ. सगळा बँड फिरायचा हट्ट असेल तर या भानगडीत पडू नये.

ट्रान्समीटर करायचा तर आधी परीक्षा आणि लायसन्स. मग नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर, आणि त्यात कंजुषी चालत नाही. ऑसिलेटर मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिची दुप्पटही फेकतो: २८.६३६. ती थेट १० मीटरच्या बँडात जाऊन पडते, तिथे दुसरंच कुणीतरी बोलत असतं.