मेंढ्यांवर खूण कुणाची?

घेणेकरी दाराशी येण्याआधी मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करायची युक्ती जुनी आहे; पण ती सुचायला आधी कायदा बदलावा लागला. इ.स.पू. ४५०च्या सुमारास रोममध्ये ‘बारा फलकां’चा कायदा आला, तेव्हा कर्जाला तारण होतं ते देणेकऱ्याचं शरीर. निकालानंतर ३० दिवसांत पैसे आले नाहीत, तर घेणेकरी त्याला ६० दिवस बेड्या घालून डांबून ठेवी आणि शेवटी टायबर नदीपलीकडे विकूही शके. अशा माणसाने माल लपवून करायचं काय? इ.स.पू. ३२६मध्ये देणं मालमत्तेतून फेडायचं, देहातून नाही, असं ठरलं. लपवालपवीला अर्थ आला तो त्यानंतर. पुढे असे व्यवहार उलटवण्याचा मार्गही रोमन कायद्यानेच घेणेकऱ्यांना दिला.

इंग्लंडने १५७१मध्ये घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेले दस्त रद्दबातल ठरवले. पण हेतू ओळखायचा कसा? ते १६०१च्या ट्वाइन खटल्यात स्पष्ट झालं. पिअर्स नावाचा माणूस ट्वाइनला ४०० पौंड देणं लागत होता, आणखी एकाला २००. या दुसऱ्याने दावा लावताच पिअर्सने आपला ३०० पौंडांचा सगळा माल गुपचूप ट्वाइनला लिहून दिला. माल मात्र जागचा हलला नाही. मेंढ्यांची लोकर पिअर्सच कातरत होता, त्यांच्यावर खूणही स्वतःचीच उठवत होता. काही माल तर त्याने विकलासुद्धा. जप्ती आली तेव्हा ट्वाइनच्या बाजूच्या लोकांनी ती दांडगाईने अडवली.

न्यायालयाने लबाडीच्या खुणा एकेक करून मोजल्या. दस्त चोरून झालेला, दावा चालू असताना झालेला, आणि सगळं देताना अंगावरचे कपडेही वगळलेले नाहीत. शिवाय हे हस्तांतरण प्रामाणिकपणे, सद्‌हेतूने केलं आहे, असं दस्तातच आवर्जून लिहिलेलं! मला सगळ्यात बोलकी वाटते ती हीच खूण. ट्वाइनचं कर्ज खरं होतं, तरीही तो हरला.

१७०५च्या इंग्रजी कायद्याने सगळं उघड करून हवाली करणाऱ्या व्यापाऱ्याला उरलेल्या देण्यातून मोकळं केलं; लपवणाऱ्याला मात्र फाशी. लंडनचा जॉन पेरट १७६१मध्ये त्यापायीच फासावर गेला.

कायदा स्वतःहून काय वाचवेल, हे मोकळेपणाने सांगितलं ते टेक्सासने. १८३७च्या मंदीनंतर, १८३९मध्ये, त्या वेळच्या टेक्सास प्रजासत्ताकाने कुटुंबाची ५० एकर जमीन किंवा गावातली राहती जागा, धंद्याची अवजारं, पाच दुभत्या गाई आणि वर्षभराचं धान्य जप्तीबाहेर ठेवलं. ही सवलत अमेरिकेतल्या इतर राज्यांतही पसरली, आणि मग तिच्या आडून मोठमोठे बंगले वाचू लागले. म्हणून २००५मध्ये अमेरिकेने दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या १,२१५ दिवसांत घेतलेल्या घराच्या सवलतीवर कमाल मर्यादा घातली. घेणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने घरात पैसा गुंतवला असेल, तर त्यासाठी दहा वर्षं मागचंही तपासलं जातं.