नागरी सहकारी बँकांचे उत्तरदायित्व (पुणे)

नागरी सहकारी बँक चालवणाऱ्यांना त्यांच्या कारभाराचा जाब कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने विचारायचा, याची व्यवस्था म्हणजे या बँकांचे उत्तरदायित्व. या विषयात पुण्याइतके महत्त्वाचे शहर राज्यात दुसरे नाही. सहकार आयुक्त व निबंधकांचे कार्यालय इथल्या सेंट्रल बिल्डिंगमध्ये आहे. वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आणि रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय याच शहरात आहेत. सहकाराचे नियमन आणि शिक्षण असे हाकेच्या अंतरावर असूनही रुपी बँक आणि शिवाजीराव भोसले बँक या दोन बँका पुण्यातच बुडाल्या. त्यामुळे माहितीचा किंवा तज्ज्ञांचा अभाव हे या अपयशांचे कारण मानता येत नाही. ते जाब विचारण्याच्या रचनेत शोधावे लागते.

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर मध्यमवर्गीय नोकरदार आणि छोटे व्यापारी यांनी एकत्र येऊन आपापल्या पेढ्या उभ्या केल्या. पुण्यात कॉसमॉस बँक १९०६ मध्ये आणि रुपी बँक १९१२ मध्ये स्थापन झाली. सभासद एकमेकांना ओळखत. कर्जदार कोणत्या वाड्यात राहतो आणि त्याचा धंदा कसा चालतो, हे संचालकांना ठाऊक असे. त्या काळचे उत्तरदायित्व या ओळखीवर उभे होते आणि बरेचसे पुरेही पडले. शाखा वाढल्या, ठेवी शेकडो कोटींत गेल्या, तशी ती ओळख संपली. तिच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही.

सहकारात एका सभासदाला एकच मत असते, त्याच्याकडे भाग (शेअर) कितीही असोत. हे तत्त्व सुंदर आहे. पण बँकेत सभासद कोण होतो हे पाहिले की अडचण कळते. कर्ज घेताना कर्जाच्या काही टक्के रकमेचे भाग घ्यावे लागतात. विनातारण कर्जासाठी पाच टक्के आणि तारणी कर्जासाठी अडीच टक्के असे प्रमाण रूढ आहे. परिणामी मतदारयादीत कर्जदारांचे वजन मोठे राहते. याउलट आयुष्यभराची पुंजी मुदत ठेवीत ठेवणारा निवृत्त शिक्षक केवळ ठेवीदार असेल तर त्याला मत नाही. नाममात्र सभासदालाही नाही. बँकेतला बहुतांश पैसा ज्यांचा, त्यांना संचालक निवडता येत नाहीत. ज्यांना कर्ज हवे असते, ते निवडतात. या नोंदीतील बहुतेक गोष्टींचे मूळ इथे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालावर प्रश्न येण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा घोष होतो, त्यामागेही हेच गणित असते.

दुसरी उणीव किमतीची. सहकारी बँकेच्या भागाला बाजार नसतो. सभासदत्व सोडताना तो दर्शनी किमतीलाच परत जातो. त्यामुळे कारभार घसरला तरी बाहेर दिसत नाही. पुण्याच्याच थरमॅक्स कंपनीचे उदाहरण इथे उपयोगी पडते. कंपनीचे प्रमुख रोहिंटन आगा यांच्या निधनानंतर १९९६ मध्ये त्यांच्या पत्नी अनु आगा यांनी सूत्रे घेतली. पुढील काही वर्षांत समभाग सुमारे ४०० रुपयांवरून ३६ रुपयांपर्यंत घसरला आणि एका भागधारकाने निनावी पत्र लिहून आपली निराशा त्यांना कळवली. आगा यांनी ते पत्र मनावर घेतले, बाहेरचे सल्लागार नेमले, संचालक मंडळाची पुनर्रचना केली आणि कंपनी सावरली. घसरता भाव रोज सर्वांसमोर होता, म्हणून तक्रारीला धार होती. रुपी बँकेच्या ठेवीदाराला दिसत होता तो फक्त पावतीवर छापलेला व्याजदर.

रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घातले. थकीत कर्जांनी भांडवल पोखरले होते. कारभार प्रशासकांकडे गेला आणि पैसे काढण्यावर मर्यादा आली. विलीनीकरणाचे प्रस्ताव पुढे आले. सारस्वत बँकेचे नावही चर्चेत होते. काहीच जुळले नाही. ज्या ठेवी मुलीच्या लग्नासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी ठेवल्या होत्या, त्या अडकून पडल्या, आणि या काळात ठेवीदारांची संघटना, कर्मचारी संघटना व न्यायालय यांच्याकडे खेपा घालणे एवढेच लोकांच्या हाती राहिले. ८ ऑगस्ट २०२२ च्या आदेशाने परवाना रद्द झाला. पुरेसे भांडवल आणि कमाईची शक्यता नाही, असे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. पुढे अपील झाले, न्यायालयात धाव घेतली गेली, पण बँक वाचली नाही. शिवाजीराव भोसले बँकेचा प्रवास त्याहून लहान: निर्बंध २०१९ मध्ये, परवाना रद्द ३१ मे २०२१ रोजी.

नुकसान कोणी भरायचे, याचे उत्तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये आहे. कलम ८३ खाली चौकशी होते आणि कलम ८८ खाली दोषी संचालक व अधिकाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारी निश्चित करता येते. रुपी बँकेतही ही कारवाई झाली. कागदावर ही तरतूद कडक आहे. व्यवहारात मात्र प्रत्येक टप्प्यावर अपील, स्थगिती आणि फेरचौकशी येते, आणि रक्कम वसूल होईपर्यंत अनेक ठेवीदार हयात राहत नाहीत. इतक्या उशिरा मिळणाऱ्या उत्तराला उत्तरदायित्व म्हणणे कठीण आहे.

कॉसमॉस बँकेवरचा २०१८ चा सायबर हल्ला या मालिकेत बसत नाही, तरी त्याची नोंद हवी. ११ आणि १३ ऑगस्टला एटीएम व आंतरराष्ट्रीय निधी हस्तांतरणाच्या मार्गाने सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बँकेने पोलिसांत फिर्याद दिली, ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागू दिला नाही आणि नुकसान स्वतः सोसले. सुरक्षेतील त्रुटी गंभीर होती. पण मोठा फटका आणि बुडणे यांत भांडवल व वेळीच केलेला खुलासा यांचे अंतर असते, हे इथे दिसले.

ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. मात्र परवाना रद्द झाल्याशिवाय विमा मिळत नसे, म्हणून निर्बंधांखालील बँकेचे ठेवीदार अधांतरी राहत. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत रक्कम देण्याची तरतूद केली. रुपी बँकेच्या ठेवीदारांना त्यानंतरच, म्हणजे आठ वर्षांहून अधिक प्रतीक्षेनंतर, पैसे मिळू लागले. मे २०२२ पर्यंत सुमारे ७०० कोटी रुपये वाटले गेले. पाच लाखांवरील रक्कम अवसायकाच्या, म्हणजे बंद बँकेची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वसुलीवर अवलंबून राहते. सहकारी गृहनिर्माण संस्था, देवस्थाने आणि पतसंस्था यांच्या मोठ्या ठेवींना ही मर्यादा सर्वांत जास्त झोंबते.

१९६६ पासून बँकिंगवर रिझर्व्ह बँकेची आणि संस्थात्मक कारभारावर निबंधकाची, अशी दुहेरी देखरेख चालत आली. २०२० च्या बँकिंग नियमन दुरुस्तीने व्यवस्थापन, लेखापरीक्षण आणि विलीनीकरण यांबाबत रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये १०० कोटी आणि त्याहून अधिक ठेवींच्या बँकांना संचालक मंडळाखेरीज तज्ज्ञांचा समावेश असलेले व्यवस्थापन मंडळ नेमणे बंधनकारक झाले. संचालकाच्या सलग कारकिर्दीची मर्यादा २०२५ मध्ये आठवरून दहा वर्षांवर नेण्यात आली. यांपैकी कोणत्याही सुधारणेने ठेवीदाराला मताचा अधिकार दिलेला नाही.