वरचं अन्न लवकर सुरू करण्याची पद्धत (अमेरिकेतल्या अल्प उत्पन्न कृष्णवर्णीय माता)

अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय घरांमध्ये बाळाला वरचं अन्न पुष्कळदा चार महिन्यांच्या आतच चालू होतं, असं बाल्टिमोर आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या अभ्यासांत दिसलंय. पहिला पदार्थ बहुतेक वेळा राइस सीरियल (तांदळाची तयार भुकटी), तेही चमच्याने नाही तर फॉर्म्युलात, म्हणजे डब्याच्या पावडरच्या दुधात, कालवून बाटलीतून, घट्ट दूध ओढता यावं म्हणून निपलचं भोक मोठं करून. पुढे सफरचंदाचा गर, कुस्करलेलं रताळं, दक्षिणेकडे ग्रिट्स म्हणजे मक्याची जाडसर लापशी आणि पालेभाजी शिजवलेलं पाणी. ही फक्त काळ्या मातांचीच सवय समजू नये, सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशभरातल्या पाहणीत एकूण ४०.४ टक्के मातांनी चार महिन्यांआधी घन अन्न दिलेलं होतं.

उगम : यावर एकमत नाही. एक मत गुलामगिरीच्या काळापर्यंत जातं. आई शेतात राबायला गेली की बाळं म्हाताऱ्या बायकांकडे आणि त्यांना पातळ पेज, या लवकर दिलेल्या पिठूळ आहाराचा संबंध आर्थिक इतिहासकार रिचर्ड स्टेकल बालमृत्यूंशी जोडतात. तर इतिहासकार हर्बर्ट क्लाइन आणि स्टॅन्ली एंगरमन (१९७८) यांच्या मते अमेरिकेतल्या गुलाम स्त्रिया साधारण वर्षभर अंगावर पाजत. खरं तर दोन्ही एकावेळी शक्य आहे. काहीजण पश्चिम आफ्रिकेतल्या धान्याच्या आंबील-पेजेपर्यंत धागा नेतात, पण मधल्या पिढ्यांचा पुरावा फार विरळ आहे. दुसरं मत साधं आणि बहुधा जास्त टिकणारं: हा विसाव्या शतकातल्या डॉक्टरांचाच सल्ला. गर्बर कंपनीचे बाळांच्या तयार अन्नाचे डबे १९२८ च्या सुमारास आले, टोरांटोचं पॅब्लम हे तयार सीरियल १९३१ च्या आसपास, आणि १९५० च्या दशकात मायामीचे डॉक्टर वॉल्टर सॅकेट तर जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच सीरियल द्या म्हणत होते! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९५८ मध्ये अडीच-साडेतीन महिन्यांआधी देण्यात फायदा नाही असं सांगितलं, १९८० मध्ये मर्यादा चार ते सहा महिन्यांवर नेली, आता साधारण सहा. वेगळ्या ठेवलेल्या काळ्या वस्त्यांत हा डॉक्टरी सल्ला कितपत पोचला असेल अशी शंका घेता येते, पण १९९० च्या दशकात आजी झालेल्या बायका स्वतः १९५०-६० च्या आसपासची बाळं होत्या हे विसरून चालत नाही. ज्याला आज 'संस्कृती' म्हणतात ते बऱ्याच अंशी जुनं प्रिस्क्रिप्शन असावं.

निर्णय कोण घेतं : आजी. मार्गारेट बेंटली, मॉरीन ब्लॅक वगैरे संशोधकांच्या बाल्टिमोरच्या कामात (१९९९) किशोरवयीन आई, तिची आई आणि बाळ एकाच घरात, आणि दुधाने पोट भरत नाही, रडतंय म्हणजे भूक आहे, सीरियल दिलं की रात्रभर झोपेल हे आजीचं म्हणणं क्लिनिकच्या कागदापेक्षा वजनदार ठरतं. नॉर्थ कॅरोलायनातही (२०११) किरकिरं वाटणाऱ्या बाळांना लवकर अन्न मिळतं असं आढळलं. झोपेबद्दलचा पुरावा मात्र दोलायमान आहे, १९८९ च्या एका चाचणीत झोपताना दिलेल्या सीरियलने काही फरक पडला नाही, इंग्लंडमधल्या २०१८ च्या चाचणीत लवकर अन्न मिळालेली बाळं रात्री थोडी जास्त झोपली, सहा महिन्यांच्या वयात हा फरक सर्वाधिक म्हणजे पाव तासाच्या आसपास होता, म्हणजे आजी अगदीच चुकीची नाही. बाल्टिमोरमध्येच घरभेटी आणि काळ्या किशोरवयीन मातांसोबत बनवलेला व्हिडिओ असा उपक्रम झाला (२००१), त्यातल्या माता तीन महिन्यांच्या टप्प्यावर शिफारशीप्रमाणे भरवण्याची शक्यता जवळपास चौपट होती.

धोरण : केंद्र सरकारची डब्ल्यूआयसी ही गरीब माता-बाळांसाठीची पोषण योजना चार महिन्यांपासूनच सीरियल आणि ज्यूस देत असे, २००९ च्या बदलानंतर बाळांचा ज्यूस बंद आणि वरचं अन्न सहाव्या महिन्यापासून. पगारी बाळंतपणाची रजा देशपातळीवर नाही, १९९३ च्या कायद्याची १२ आठवड्यांची रजाही बिनपगारी आणि लहान कंपन्यांना लागू नाही, त्यामुळे आई कामावर आणि बाटली दुसऱ्याच्या हातात. तांदळातल्या आर्सेनिकमुळे एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने बाळांच्या राइस सीरियलला १०० पीपीबीची (अब्जात शंभर भाग) मर्यादा २०१६ मध्ये सुचवली आणि २०२० मध्ये पक्की केली, आणि डॉक्टर आता ओट्स, बार्ली आलटून पालटून द्या म्हणतात.